सांडपाण्याला दिलेलं औषध

हसायचं नाही, अशी शपथ घ्या, मगच सांगतो. असा गाढवपणा अख्ख्या गुडगावात कुणी केला नसेल!

रिटायर झालो, दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडलं आणि गुडगावात फ्लॅट घेतला. तेव्हा तिथे नुसती क्रेन आणि सरसोची शेतं. मराठी माणूस, फाइली नीट ठेवतो, म्हणून लोकांनी लगेच सोसायटीचा सेक्रेटरी केलं. सांडपाणी शुद्ध करायचा आमचा स्वतःचा प्लांट होता. तो सांभाळायचे रोहतकचे रामपालजी.

दिवाळीच्या साफसफाईत घरोघरी मुदत संपलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या निघाल्या. सोसायटीतल्या केमिस्टने तर दुकानातली खोकीच आणून दिली. कचऱ्यात टाकाव्यात तर गाई खातील. मग माझं डोकं चाललं! सांडपाण्यात जंतू, गोळ्या जंतू मारतात, आणखी काय हवं? रामपालजी सुट्टीवर होते. सगळं बादल्यांत कालवलं आणि दिलं टाकीत ओतून. काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

आठवड्याभरात बागेत मुतारीसारखा वास. डोळे चुरचुरायला लागले. प्लांटचंच पाणी लॉनला जायचं ना!

"रामपालजी, ये क्या है?"

"समझ नहीं आ रहा, साहब. मशीन बिल्कुल ठीक है, टंकी में हवा भी पूरी जा रही है."

मलाही कळेना. एवढं औषध देऊनही पाणी बिघडतं? म्हणजे माणूसच कामचुकार! कमिटीत मीच ठणकावलं, "प्रदूषण मंडळाच्या तपासणीच्या मॅडम येऊ देत, मग यांना काढूच." तीन पोरींचा बाप तो, थंडीत घाम पुसत उभा होता.

मॅडमनी पाणी तपासलं. "अमोनिया भरा पड़ा है. उसे खाने वाले बैक्टीरिया ही मर गए. किसी ने एंटीबायोटिक तो नहीं डाली?"

सगळे रामपालजींकडे बघतायत, आणि मी माझ्या चपलांकडे.

"मतलब... वो जंतु अच्छे थे?" मी विचारलं.

"अरे, प्लांट वही तो चलाते हैं!"

काय करणार? केलं कबूल. अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं हो!

घरी बायको म्हणाली, "अहो, विरजणच मारलंत की! जा आता, शेजारून मागून आणा."

आणि खरंच, पलीकडच्या सोसायटीसमोर हात जोडून त्यांच्या टाकीतला टँकरभर गाळ मागून आणला. रामपालजींची नोकरी वाचली. मी माफी मागितली, तर त्यांनी एकच मागणी केली, टाकीच्या दारावर पाटी हवी. कमिटीने एकमताने मंजूर केली.

"सेक्रेटरी साहब का अंदर आना मना है."

आणि खाली, रीतीप्रमाणे, "आज्ञा से, सेक्रेटरी."