डाव्या चाकाची पिन

त्याचं खरं नाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायची कुणाला कधी गरज पडली नाही. सगळे त्याला दोनदा म्हणत. ब्रेकचं काम झालं की तो चाक बसवायचा, मग पुन्हा काढायचा, आत डोकावायचा आणि परत बसवायचा. गिऱ्हाईक ताटकळत उभं. एका ड्रायव्हरने एकदा विचारलं, "मास्तर, लग्नही दोनदा केलंत का?" लग्न त्याने एकदाही केलं नव्हतं. घरात तो आणि थोरली विधवा बहीण, दोघंच.

लोकांना वाटे, माणूस काटेकोर आहे. काटेकोर कसला, घाबरट होता. एकतीस वर्षं तो एकाच गोष्टीला घाबरत आला होता आणि ती गोष्ट त्याने कुणाच्याही कानावर घातली नव्हती.

एकोणीस वर्षांचा असताना तो उस्तादाकडे काम शिकत होता. ताईच्या नवऱ्याच्या, म्हणजे दाजींच्या ट्रकचे ब्रेक त्यानेच नवे भरले होते. चाकाच्या आत ब्रेकची खीळ निसटू नये म्हणून एक दुमडती पिन घालतात, करंगळीएवढी. डाव्या पुढच्या चाकात तो ती घालणार तेवढ्यात उस्तादाने हाक मारली. तो गेला, परत आला आणि चाक बसवून मोकळा झाला. तिसऱ्या दिवशी ट्रक दाजींसकट डोंगराच्या वळणावरून खाली गेल्याची बातमी आली. तेव्हा त्याला पहिल्यांदा प्रश्न पडला, आपण पिन घातली होती ना? काही केल्या आठवेना.

मोडका ट्रक कुणीतरी भंगारात उचलला. ताई भावाकडे राहायला आली. ती वाढायला लागली की हा मान खाली घालून भराभर गिळायचा आणि ती म्हणायची, "पाणी पी आधी. कुणी पाठीला लागलंय का तुझ्या?"

मागच्या महिन्यात तो गावाबाहेरच्या लाकडाच्या गिरणीत गेला होता. गिरणी कायमची बंद होणार होती आणि मालकाची छोटी गाडी विकण्याआधी तिचे ब्रेक बघायचे होते. गाडी सरकू नये म्हणून चाकाला उटी लावायला लाकडाचा ठोकळा हवा होता. मालक म्हणाला, "मागच्या शेडमध्ये बघा, ढीग पडलाय."

ढिगामागे ट्रक उभा होता. लांब नाकाचा, लाकडी केबिनचा, समोर मधोमध दांडी असलेल्या दोन काचांचा, उजवीकडून चेपलेला. असले ट्रक त्या भागात मुळात चारच आले होते. पण दोनदा थांबला तो डाव्या दारापाशी. दाराला पितळी कडी होती, स्वयंपाकघरातल्या कपाटाची. दाजींनी घरचीच काढून लावली होती. ताईने सोबत आणलेल्या त्या कपाटाचं दार अजून सुतळीने बांधलेलं आहे.

"वडिलांनी भंगारातून आणला होता," मालक मागून म्हणाला. "इंजिनावर करवत चालायची. चाकं काही फिरली नाहीत कधी. शनिवारी एक हौशी गृहस्थ येणार आहेत. स्क्रू न् स्क्रू सुटा करून नव्यासारखा करतात म्हणे."

चाकं फिरलेली नाहीत. म्हणजे कुणी उघडलेली नाहीत. शनिवारी कुणीतरी परका माणूस ते चाक उघडणार, आत पिन नाही हे बघणार आणि उरलेलं सामान कचऱ्यात टाकून देणार. किंवा पिन असेल, आणि ते याला जन्मात कळणार नाही. यातलं जास्त वाईट काय, ते त्याला ठरवता येईना.

"मी घेतो," तो म्हणाला. आवाज आपलाच आहे का, असं त्याला वाटलं. मालकाने सांगितली ती किंमत त्याने मान्य केली. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक बघून मालकच बिचकला.

ट्रक ओढून आणला आणि गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकला. घेतला कशासाठी, तर चाक उघडायला. आणि उघडायचं सोडून हा आठ दिवस त्याच्या आजूबाजूने चोरासारखा फिरत होता. रोज पान्हा हातात घ्यायचा, रोज फळीवर ठेवायचा. घरी जेवण जाईना. ताईने कपाळाला हात लावून पाहिला, दोनदा पाहिला आणि ती म्हणाली, "ताप नाही. मग लपवतोयस काय?"

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तो एकटा गॅरेजमध्ये गेला. ताडपत्री काढली, चाक उतरवलं. पण आतला ड्रम काढायला हात होईना. तेवढ्यात दारातून येणारा उजेड अडला. ताई डबा घेऊन उभी होती. ती ट्रककडे बघत नव्हती, कडीकडे बघत होती.

दोनदाला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. पळायला जागा नव्हती. मग एकतीस वर्षांत जे जमलं नाही ते एका दमात बाहेर पडलं. "ताई, दाजींच्या गाडीच्या या चाकात पिन मी घातली की नाही, मला आठवत नाही. विसरलो असेन, तर त्यांना मी मारलं."

ताईने डबा खाली ठेवला, फळीवरची बॅटरी घेतली आणि त्याच्या शेजारी उकिडवी बसली.

"उघड," ती म्हणाली.

ड्रम गंजून चिकटला होता. त्याने हातोड्याने चहूबाजूंनी ठोकलं. अखेर ड्रम सुटला. ताईने उजेड धरला. ब्रेक जागच्या जागी होता. खीळही होती, आणि तिच्या भोकात पिन नव्हती. तिथे बायकांचा केसांचा आकडा घातला होता, पक्कडीने दोन्ही टोकं दुमडून.

दोनदाला काही कळेना. आपण आकडा कुठून घालणार?

ताईने आकड्याला बोट लावलं. "निघायच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी मागितला होता माझ्याकडे," ती म्हणाली. "चाक वाजत होतं म्हणून अंगणात उघडून बसले होते. कशाला हवा विचारलं, तर म्हणाले, तुझ्या भावाचे कान कोरायला. उस्तादाला सांगू नकोस म्हणाले, पोराला काढून टाकेल. कशाबद्दल ते मला कळलं नाही, मी हसून विसरूनही गेले."

म्हणजे तो विसरलाच होता. आणि ते दाजींना कळलं होतं, आणि त्यांनी ते निस्तरून त्याला झाकून घेतलं होतं. दोनदा तिथेच फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"मग गाडी गेली कशी?" त्याने शेवटी विचारलं.

"दोन रात्री झोप नव्हती त्यांना," ताई म्हणाली. "आज राहू का घरी, म्हणून विचारलं होतं मला. मी चहा करून दिला आणि जा म्हटलं."

हे तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं. एका ताटलीएवढ्या घरात दोघं एकतीस वर्षं समोरासमोर जेवत होती.

दोनदाने डोळे पुसले, फळीवरून नवी पिन आणली आणि आकडा पक्कडीने सरळ करून बाहेर काढला. तो ताईने बाहीला पुसला आणि मुठीत धरला. त्याने पिन घातली, टोकं दुमडली, बोटाने चाचपली. मग ड्रम उचलला आणि थांबला.

"बघ परत एकदा," ताई म्हणाली, आणि उजेड जवळ धरला.