माझ्या मागणीचे कलम

अर्जदार : प्रस्तुत लेखक. वय पन्नाशीपुढे, शिक्षण नववी, धंदा अर्जलेखन, राहणार तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार.
गैरअर्जदार : तोच.
घटनेचा काळ : यंदाच्या होळीचा आठवडा व त्यापुढे.
साक्षीदार : एक, अर्जदाराची पत्नी. दोन, कचेरीसमोरचा चहावाला.
विषय : रोज स्वतःविषयी लिहिण्याची सवय लागल्याबाबत.

वाचक महोदय,

वरील विषयास अनुसरून निवेदन करतो की, तहसील कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडखाली मी पंचवीसेक वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. माझा अर्ज टेबलावर गेल्यावर 'हा कोणी लिहिला?' असे साहेब विचारीत नाहीत. अक्षरावरूनच त्यांना कळते. माझ्या दोन पद्धती आहेत. पहिली, अर्जाच्या शेवटी येणारे मागणीचे कलम मी सर्वांत आधी विचारतो. माणूस रडतो, भावकीला शिव्या देतो, पण काय पाहिजे ते एकदा सांगता आले की त्याचा आवाज स्थिर होतो. दुसरी, सही-अंगठ्यापूर्वी सगळा मजकूर पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवायचा.

होळीच्या अगोदर सुरतेहून मुलाचा फोन आला. त्याला मुलगी झाली होती आणि सून पुन्हा कामावर जाणार होती. आईने आता कायमचे तिकडेच राहावे, असे त्याचे म्हणणे. फोन ठेवून पत्नीने मला विचारले,

"पोऱ्या बलाई ऱ्हायना. मी जाऊ का ऱ्हाऊ?"

"तुन्ही मर्जी," मी म्हणालो.

"लोकेस्ना मननं सारं लिखतस. आते एक अर्ज सोतानाबी लिखा. तुम्हले काय पाहिजे ते तरी समजी."

ती गेली तर घराचे काय होईल, हा प्रश्न माझ्यापुढे होता. पण मला काय हवे आहे, हे खरोखरच मला सांगता येत नव्हते.

होळीच्या आठवड्यात डोंगरातले सगळे पक्षकार काठी गावच्या मोठ्या होळीला नाहीतर आपापल्या गावच्या होळीला जातात. शेड रिकामे असते. अशा एका सकाळी मी कोरा कागद घेऊन स्वतःविषयी लिहायला बसलो. चहावाला कप ठेवताना डोकावला.

"काय नाना, पक्षकार नही म्हनीसन सोतावरच केस ठोकी दिधी का?"

मी कप बाजूला सरकवून लिहीत राहिलो. लेखनाच्या वेळी मी सहसा बोलत नाही.

दुपारी पत्नी डाळ निवडत होती. पद्धतीप्रमाणे मी तिला मजकूर वाचून दाखविला : 'सदर इसम नियमित वेळेवर उठत असून त्याची प्रकृती समाधानकारक आहे. त्याच्या कुटुंबात कोणताही वाद नाही. त्याचे वर्तन चांगले आहे.'

तिचा हात सुपात थांबला.

"हाऊ मानूस कोन शे? मी ते याले वयखस नही. पोलीसपाटीलना दाखला वाची ऱ्हायनात का?"

मला राग आला. मजकुरात एकही चूक नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी टेबल मांडण्यापूर्वी मी पुन्हा लिहिले, तिसऱ्या दिवशीही. 'सदर इसम' गळून 'मी' आला. मग बारीकसारीक गोष्टी कागदावर येऊ लागल्या. कचेरीतून घरी आल्यावर मी हातपाय धुण्याआधी पायरीवर तिच्या चपला आहेत का ते पाहतो, हे एकाच आठवड्यात वरचेवर लिहिले गेलेले दिसले. इतकी वर्षे पाहत असेन, पण मला ठाऊक नव्हते. दिवसभर छापील मराठी बोलून आलेल्या माझ्या कानांना तिची अहिराणी ऐकल्यावर विश्रांती मिळते, हेही त्याच कागदांनी मला सांगितले. ज्या लोकांनी आपली दुःखे माझ्या हवाली केली, त्यांचे आभार मानण्याचे राहून गेले होते. त्यांच्या जोरावर माझे घर चालले आणि माझे शब्दही वाढले. तेही मी लिहिले.

मागणीचे कलम मात्र रोज कोरे राहत होते. शुद्ध भाषेत ते जमेना. 'पत्नीच्या स्थलांतरास हरकत आहे' असे लिहून पाहिले आणि खोडले. शेवटी एका सकाळी, माझ्या लेखणीच्या प्रतिष्ठेस न शोभणाऱ्या भाषेत, जसे मनात आले तसे लिहिले आणि तिला वाचून दाखविले :

"नातकडे जरूर जाय. पन कायमनी जाऊ नको. तू नही ते माले घर गोड लागनार नही."

 पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "अरे देवा, इतलं लिखाले इतला दिन लागनात?" आणि थोड्या वेळाने, भाकरी थापता थापता, "नात बसाले लागनी का मी उनी, समजा."

त्याच आठवड्यात ती सुरतेच्या गाडीत बसली. घर सुने आहे, तक्रार नाही. काय हवे आहे ते ठाऊक असलेला माणूस वाट पाहू शकतो, असा माझा अनुभव झाला आहे. हा अनुभव जिच्यामुळे आला तिचा मी ऋणी आहे. सकाळचे लेखन चालू आहे, आणि आजचा हा मजकूर फोनवरून तिला वाचून दाखविणार आहे.

तरी नात बसू लागली आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. व बसू लागली असल्यास परतीच्या गाडीचा वार कळवून अर्जदारास न्याय द्यावा, ही नम्र विनंती.