ड्रॅगनच्या शिंगांना हिंगूळ

हिंगणीच्या रूपरावांनी जन्मभर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली. आजवर एकही बैल तक्रार घेऊन आला नाही, हे ते अभिमानाने सांगत. २००६ साली मात्र पुण्याहून आलेल्या नातीने, नऊ वर्षांच्या प्रेरणाने, त्यांच्यापुढे खेळातला बोटभर, बिनरंगी ड्रॅगन ठेवला.

"आबा, वाढदिवसाला मला दुसरं काही नको. हा रंगवून द्या."

आबांनी दिलेली भेट तिला आजवर कधी आवडली नव्हती. त्यामुळे ही भेट फसून चालणार नव्हतं.

रूपराव तीन दिवस ओसरीत भिंग घेऊन बसले. त्यांची बायको रुख्माबाई म्हणाल्या, "सरड्याले नवरदेव करून राह्यले का?"

चौथ्या दिवशी ड्रॅगन सजला. शिंगांना लाल हिंगूळ, टोकांना बेगड, पाठीवर नक्षीची झूल. प्रेरणा बघतच राहिली.

"आबा, हा तर बैल झाला."

"शिंगं हायेत ना त्याले," रूपराव चाचरत म्हणाले. "आपल्या इकडं शिंगवाल्याले असंच सजवतेत."

प्रेरणाने ड्रॅगन तळहातावर फिरवून पाहिला आणि आबांच्याच बोलीत विचारलं, "मग याच्या गळ्यात घुंगरू काऊन नाई?"

रूपरावांची नजर हळूच रुख्माबाईंच्या पैंजणांकडे वळली.