हेमकांत साहेबांनी खाल्लेली भाकर

मी तळोद्याहून वर डोंगरातल्या गावांना जीप नेतो. सरकारी माणसांना पाहणीला जायचं असलं की बोलावणं मलाच येतं, कारण घाटात माझी गाडी बंद पडत नाही. माझं तोंडही बंद पडत नाही, पण ते साहेब लोक चालवून घेतात. अशी माणसं मी ढिगानं पाहिली, त्यातल्या बहुतेकांची नावंही आता आठवत नाहीत.

हेमकांत चौधरी मात्र मरेपर्यंत आठवेल. आमचा मंडळ अधिकारी, लोक नुसतं सर्कल साहेब म्हणतात. तापीकाठच्या गुजरांचा मुलगा, घरी केळी आणि ऊस, अंगानं किरकोळ, बोलायला मऊ. मला लोटन आप्पा म्हणायचा आणि जीपमध्ये पुढे बसायला मागायचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, हा काय काम करणार.

मागच्या हिवाळ्यात नंदुरबारला या सगळ्यांचं शिबिर झालं. विषय सचोटी. म्हणजे सरकारी माणसानं नीट कसं वागावं हे शिकवायचं. मला हसूच आलं. डोक्याचे केस पिकलेल्या माणसांना खरं वागायला शिकवणार, आणि ते पण गुलाबजाम खाऊ घालून. दाराशी ऊन छान होतं म्हणून मी तिथे बसून ऐकत होतो. शिकवणारे गृहस्थ पुण्याचे, कडक. म्हणाले, ज्याचं काम तुमच्या हातात आहे त्याच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नका. निम्मे मान डोलावत होते, निम्मे मोबाइलमध्ये होते. परतीच्या वाटेवर सगळे जेवणाबद्दलच बोलले, फक्त हेमकांत साहेब खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्याच आठवड्यात त्यांना वर कालीबाईच्या शेताची पाहणी होती. कालीबाई म्हणजे विधवा बाई, एकटी राहते. तिच्या सासऱ्यापासून कसत आलेला डोंगरउताराचा तुकडा तिच्या नावावर व्हावा म्हणून तिनं वनहक्काचा दावा केलेला. साहेब सगळा उतार पायी फिरले. जुने दगडी बांध पाहिले, माती हातात घेतली. खाली येताना मला म्हणाले, "आप्पा, जमीन हिचीच शे." पाहणीत तसंच लिहिणार होते.

अंगणात आलो तर बाईनं खाट टाकलेली. मक्याची भाकर, वर उडदाची घट्ट डाळ आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. साहेबांनी हात जोडले. नको म्हणाले, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायले आणि उठले. साहेब उठले म्हटल्यावर मलाही उठावं लागलं, आणि सकाळपासून माझ्या पोटात कावळे ओरडत होते. चिडून मी सबंध घाट तिसऱ्या गिअरवर उतरवला.

सुनावणी खाली कचेरीत होती, दोन दिवस चालायची. बाईला स्वतः यायचं होतं आणि गावातल्या दोन म्हाताऱ्यांना आणून जमीन पूर्वीपासून हिच्याच घराची आहे असं सांगायला लावायचं होतं. पहिल्या दिवशी तिचं नाव पुकारलं, कोणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही तर दावा बाद, हे तिथल्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. हेमकांत साहेब बाहेर आले तर लिंबाखाली दलसिंग उभा. हा कालीबाईचा पुतण्या, थोडा शिकलेला.

"बाई का नाही आली?" साहेबांनी विचारलं.

दलसिंग म्हणाला, "कशाला येणार, साहेब? तुम्ही त्या दिवशीच नाही म्हणून गेलात."

साहेब गोंधळून म्हणाले, मी कधी नाही म्हणालो? मग दलसिंगनं समजावलं. त्यांच्याकडे सोयरीक असो की भांडणाचा निवाडा, आलेला माणूस घरातलं काही तोंडात न घालता उठला की बोलणं मोडलं. मग पुन्हा त्याच्या दारात जायचं नाही. बाईनं म्हाताऱ्यांनाही सांगून टाकलं होतं की जमीन गेली, आता खाली जाऊन काय उपयोग.

साहेबांचा चेहरा पार उतरला. मी मनात म्हटलं, घ्या, शिका अजून सचोटी. पण तोंडानं बोललो नाही, कारण माणूस खरोखर हादरला होता. मग म्हणाले, "आप्पा, गाडी काढा."

दलसिंगला मागे बसवून ऊन उतरायच्या आत आम्ही वर पोचलो. या वेळी खाट बाहेर आली नाही. कालीबाई दारात बसून मका सोलत होती, तिनं मानही वर केली नाही. साहेब सरळ अंगणात मातीत बसले आणि दलसिंगला म्हणाले, "मावशीला सांग, मला तुमची रीत माहीत नव्हती, माझं चुकलं. आणि सांग, मला भूक लागलीय."

बाईनं हातातलं कणीस खाली ठेवलं. मग आत गेली आणि भाकर घेऊन आली. साहेब खाली मान घालून जेवले, डाळ पुन्हा मागून घेतली, तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले. मीही मागची कसर भरून काढली. बाई पोराला विचारावं तसं काहीतरी पुटपुटली. दलसिंग हसून म्हणाला, "विचारतेय, सकाळी किती वाजता निघायचं."

उतरताना मी खुशीत होतो. साहेब म्हणाले, "आप्पा, उद्या हे सांगावं लागेल."

मी गाडीच थांबवली. "येडं लागलं का काय, साहेब? कोन देखाले उनं व्हतं तठे?"

"कोणी पाहिलं नाही, खरं आहे. पण तिच्या बाजूनं पाहणी मी लिहिली आणि तिच्याच घरी जेवलो."

"अर्धी भाकर!"

"न खाता आलो असतो तर तिची जमीन जात होती, म्हणून खाल्ली. पण उद्या कोणी याकडेच बोट दाखवून तिचा दावा पाडला, तर?" बढतीच्या यादीत त्यांचं नाव लागलंय हे सबंध कचेरीला ठाऊक होतं, मलाही. मी रागारागानं गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी कालीबाई आली, दोन्ही म्हातारे आले, पटक्यासकट. नाव पुकारल्यावर आधी हेमकांत साहेब उभे राहिले. म्हणाले, "काल मी यांच्या घरी जेवलोय. माझी पाहणी धरू नका, दुसऱ्याला पाठवा. पण दावा बाद करू नका, हे लोक आले नव्हते ते माझ्या चुकीमुळे." मागे कोणीतरी फिसकन हसलं. शिबिरात गुलाबजाम खाल्लेले सगळे तिथेच होते. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हाताऱ्यांचे जबाब तेव्हाच घेतले आणि नवी पाहणी दुसऱ्या मंडळाच्या कामिनी मॅडमना दिली. हसणारा मग काही हसला नाही.

मॅडमना मीच घेऊन गेलो. त्यांनीही तेच लिहिलं, जमीन हिचीच आहे. दावा मंजूर झाला. हेमकांत साहेबांना लेखी ताकीद मिळाली आणि बढतीची यादी त्यांच्या नावाशिवाय निघाली. त्यांनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही, उलट मीच दिसेल त्याच्याशी भांडत सुटलो.

जमिनीच्या हक्काचा पट्टा घ्यायला कालीबाई तळोद्याला आली तेव्हा जेवणाची सुट्टी होती. साहेब डबा उघडून बसले होते, मी समोर. बाई रिकाम्या हातानं आली होती. डोंगरातलं माणूस असं कधी येत नाही, निदान आमचूर तरी पदरात असतं. दलसिंगनं तिला ताकिदीचं सगळं सांगितलं होतं. ती साहेबांसमोर फरशीवर बसली, डब्याकडे बोट दाखवलं आणि हात पुढे केला.

साहेबांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी भाकर मोडून तिच्या हातावर ठेवली. ती सावकाश जेवली, शेवटचा घास संपेपर्यंत उठली नाही. मला समोर बसवेना, मी बाहेर जाऊन जीपची काच पुसत उभा राहिलो.