सगळ्यांना चालेल अशी सायकल

सरिता मेश्राम ही बहरीनमध्ये, उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या इमारतीत माझ्या समोरच्या दारात राहते. मूळची नागपूरची. एका कार्गो कंपनीत ऑफिसचं काम करते आणि सुटीच्या दिवशी अर्ध्या इमारतीचे ब्लाउज शिवते. उंची जेमतेम पाच फूट, आवाज मात्र तळमजल्यापर्यंत पोचणारा. तिच्या घरी सायकल आली तेव्हा मला फार आनंद झाला होता. सायकल पाहिली आणि तितकाच वैताग आला.

सायकल हवी होती ती सरितालाच. तिच्या ऑफिसातली हमीदा दर शुक्रवारी सकाळी बायकांच्या ग्रुपबरोबर समुद्राच्या कडेने सायकल चालवते. तिने हिलाही बोलावलं आणि ही हरखूनच गेली. लहानपणी वडिलांच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून हिने सगळी वस्ती पालथी घातली होती. आता सीटवर बसून चालवायची, एवढंच तिचं मागणं.

पण सायकल आणायला गेले यादवराव. हे तिचे मिस्टर, मुहर्रकला विमानतळावर एसीच्या देखभालीचं काम बघतात. माणूस लाखात एक, पण घरात कुठलीही वस्तू आणताना ती सगळ्यांना चालली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. जॅकेट आणतील तेसुद्धा सगळ्यांना होईल असं, म्हणजे कुणालाच नीट न होणारं. मुलगा उज्ज्वल पावणेसहा फूट, म्हणून त्यांनी सगळ्यात मोठी फ्रेम उचलली.

"सीट खालीवर होते ना, ताई! हिच्यासाठी खाली, पोरासाठी वर. एका सायकलीत सगळं घर," असं मला वर कौतुकाने सांगत होते.

सीट पार तळाला टेकली, तरी पेडल खाली गेलं की सरिताचा पाय निसटायचा. हँडल गाठायचं तर सीटच्या टोकावर सरकून पुढे लोंबावं लागायचं. थांबताना तर मोठीच पंचाईत, कारण दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहणं तिला जमतच नव्हतं. पार्किंगमध्ये ती किती वेळा आपटली याचा हिशेब आम्ही सोडून दिला. मग घरातल्या पुरुषांनी दुरुस्त्या आरंभल्या. यादवरावांनी सीट पुढे सरकवली, तर गुडघे दुखायला लागले. उज्ज्वलने हँडल वर उचललं, तरी हात ताणलेले ते ताणलेलेच.

"मॉम, यू जस्ट नीड प्रॅक्टिस," उज्ज्वल म्हणाला.

"वय बी तर झालं ना आता," यादवराव बोलून गेले.

ते तिला लागलं. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसली, खरचटलेलं कोपर कुरवाळत. "अश्विनीताई, हमीदाला नाही म्हणून सांगून देते. हे बरोबर म्हणून राहिले. वय झालं माझं."

मला असा राग आला! ती पडली याचा नाही, तिने हे मान्य केलं याचा. पण सायकलीतलं मला ओ की ठो कळत नाही, तर बोलणार काय? विषय बदलावा म्हणून मी मॉलमधून आणलेला तयार ब्लाउज तिच्यापुढे टाकला आणि म्हटलं, जरा आत घेऊन दे.

तिने तो उलटसुलट करून पाहिला. "हा नाही होणार, ताई. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते. पण खांदाच मोठा बेतलेला आहे. किती बी टिपा मारा, उतरतेच तो."

आणि ती बोलता बोलता थांबली. पुढच्या क्षणी माझ्याच घरातली टेप उचलून जिना उतरत होती, आणि मी तिच्या मागे. पार्किंगमध्ये तिने आपल्या पायाचं आतल्या बाजूने माप घेतलं, मग जमिनीपासून दांड्याचं. पायापेक्षा दांडाच वर! मग सीट आणि हँडलमधलं अंतर मापलं.

"सीट काय खाली करून राहिले हे लोक?" तिचा आवाज पुन्हा तळमजला हलवू लागला. "हिचा खांदाच मोठा आहे!"

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांना घेऊन दुकानात गेली. मीही गेले, असला तमाशा कोण सोडतो? तिने सगळ्यात लहान फ्रेम मागवली. दांडा पायांमध्ये घेऊन दोन्ही पावलं सपाट टेकून उभी राहिली, तर दांड्याच्या वर चार बोटं सहज जात होती. मग सीटवर बसून टाच पेडलवर ठेवली. पेडल तळाला गेलं की पाय सरळ होईल इतकी सीट वर घ्यायला लावली, म्हणजे पावलाच्या पुढच्या भागाने दाबताना गुडघा जरासा वाकलेला राहतो. कोपरंही सैल. "अजून थोडी वर," असं ती दुकानदाराला फर्मावत होती.

"अगं, पण ही उज्ज्वलला नाही होणार," यादवराव कळवळून म्हणाले. "मला बी नाही."

"त्याला मोठी आहे ना घरी. ही माझी आहे," सरिता म्हणाली.

आणि बसली, आणि निघाली. दुकानासमोरच्या गल्लीत अशी सरळ गेली की माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

यादवराव बघतच राहिले. मग हळूच मला म्हणाले, "ताई, वयाचं मी उगाच बोललो."

"मला काय सांगताय? तिला सांगा."

ते तिच्यामागे चालू लागले, मग भराभर चालू लागले, मग चक्क पळू लागले. पण ती काही त्यांना सापडेना.