कंबरेनं उडवलेलं विमान

"मॅडम, तुम्ही विमान कंबरेनं उडवता," परीक्षक म्हणाले, आणि नापास लिहायचे जे सभ्य शब्द असतात ते त्यांनी माझ्या कागदावर लिहिले.

बारा वर्षं विमान उडवणाऱ्या बाईला हे ऐकवणं म्हणजे तीस वर्षं भाकरी थापणारीला तवा दाखवण्यासारखं आहे. मी तडकले. पण तडकून उपयोग नव्हता, कारण माणूस खरं बोलत होता.

ढगात शिरलं की वैमानिकाला बाहेरचं काही दिसत नाही. समोरच्या काट्यांवर भिस्त ठेवून विमान हाकावं लागतं. ते अजून जमतं का, हे दर वर्षी परीक्षक शेजारी बसून तपासतात आणि सही करतात. परीक्षेच्या दिवशी ढग हजर असतीलच असं नाही, म्हणून टांग्याच्या घोड्याला बांधतात तशी झापड आपल्या कपाळाला लावतात. खिडकी दिसत नाही, काटे तेवढे दिसतात. मग परीक्षक म्हणतात, डोळे मिटा. ते विमान मनाला येईल तसं वाकडंतिकडं फिरवतात आणि म्हणतात, "घ्या." आपण डोळे उघडायचे, काटे वाचायचे आणि विमान सरळ करायचं.

मी डोळे उघडले. काटे म्हणाले, विमान सरळ आहे. कंबर म्हणाली, अगं बाई, उजवीकडे कललंय, पडलीस! मी कंबरेचं ऐकलं आणि चांगलं सरळ चाललेलं विमान डावीकडे आडवं केलं. परीक्षकांच्या मांडीवरची पाण्याची बाटली माझ्या मांडीवर आली.

दहा दिवसांनी फेरपरीक्षा होती. आमची कंपनी लहान, विमानं दोन, पावसाळा तोंडावर. साहेबांनी फार गोड आवाजात सांगितलं की या वेळी सही झाली नाही, तर माझ्या खुर्चीवर दुसरं माणूस बसवावं लागेल. ही खुर्ची गेली तर या वयात मला दुसरी कोण देणार होतं? मला मनापासून भीती वाटली. मी रजा टाकली आणि घोडेगावजवळ आमच्या गावी आले.

आई शाळेतून निवृत्त झालेली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नापास झालेल्या मुलाला मी सराव द्यायचे. तुलाही देते." बिस्किटाच्या खोक्याची झापड तिनं कापून दिली. लिंबाला दोरखंडाचा झोका होता, तो पीळ देऊन सोडला की गरागरा फिरायचा. गवंड्याची पाणसळ माझ्या हातात दिली. म्हणजे असं, की झोका फिरून थांबला की डोकं गरगरत असताना पाणसळीतला बुडबुडा बघून तिला सरळ धरायचं. कल्पना उत्तम होती. मी पहिल्या फेरीत कोंबड्यांवर पडले आणि दुसऱ्या फेरीत झेंडूत ओकले.

तिसऱ्या फेरीला शेजारची काकू कुंपणाशी आली. कपाळाला पुठ्ठा, केस मोकळे, मी घुमतेय आणि आई ओरडतेय, "डोळे उघड! काय दिसतं ते सांग!" काकूनं हात जोडले.

"बाईच्या अंगात आलंय जनू," ती आईला म्हणाली. "आमची शेळी परवापस्नं घावंना. तेवढं इचारा की."

आम्ही रविवारी चर्चला जाणारी माणसं, आमच्या अंगात कोण येणार? पण मला इतकं मळमळत होतं की तिला घालवायला मी खेकसले, "वढ्याकडं बघा!"

शेळी ओढ्याकडेच सापडली. दुसऱ्या दिवशी दारात तिघी जणी होत्या. एकीला मुलाचं लग्न कधी जमेल ते हवं होतं. आईनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं, आणि सराव बंद झाला.

आबा हे सगळं ओसरीवरून बघत होते. माझे वडील घोडेगावच्या बाजारात गुरांचे दलाल. जन्मात त्यांनी मला शाबास म्हटलेलं नाही. वैमानिक झाले त्या दिवशी मी फोन केला तर म्हणाले, "बरं. जेवलीस का?" रागावलेसुद्धा नाहीत कधी. आतलं बाहेर पडू न देणं हा त्यांचा धंदाच.

"तुजी अडचन काय हाय?" त्यांनी विचारलं.

"शरीर खोटं बोलतं, आबा. आणि मला ते खरं वाटतं."

"मंग त्यात काय येवढं? बाजारात समदेच खोटं बोलत्यात. चल उद्या."

जनावराचा सौदा आमच्याकडे तोंडानं होत नाही. दोघं हातात हात देतात, वर उपरणं टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून भाव सांगतात. तोंडानं मात्र तमाशा चालूच असतो. म्हातारीची शपथ घेतील, डोळ्यांत पाणी आणतील, उठून चालायला लागतील. खरं काय ते उपरण्याखाली. आणि मूठ आवळली की सौदा पक्का. मग त्यात देवालासुद्धा फिरवाफिरवी करता येत नाही.

आबांचा तीस वर्षांचा वैरी असलेला एक दलाल एका म्हशीपाशी उभा होता. आबांनी त्याला गाठून सांगितलं, "पोरीला शिकवायचंय. जरा हात दे तिला."

तो लाजला. बाईच्या हातात हात देऊन सौदा त्यानं कधी केला नव्हता. पण मला झापड लावून विमान उडवायला लावतात हे ऐकून त्याला माझी दया आली असावी. उपरणं पडलं आणि हा बाबा सुरू झाला. "ताई, ह्या म्हशीला मी लेकरावानी वाढवलीय! हिला इकताना काळीज तुटतंय!" खरोखर रडायला लागला. मला वाईट वाटलं, मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि बोटांनी काय सांगितलं ते मला कळलंच नाही.

आबा माझ्या कानाशी आले. "त्वांड काय बी म्हनंल. तुजे डोळे काय बी दाखवतील. तू बोटांवर ध्यान ठेव. बोटं खोटं बोलत न्हाईत."

मी पुन्हा हात दिला. तो रडला, रडू दिलं. त्यानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली, आकाशाकडे हात केला, मी हलले नाही. हळूहळू त्याचा आवाज लांब गेला आणि उरली फक्त बोटं. हे, हेच तर पाहिजे! मला इतका आनंद झाला की मी मनातल्या मनात थेट विमानात जाऊन बसले. नाक खाली, वेग वाढतोय, तर आधी काय? इंजिनाचा दांडा मागे! आणि उपरण्याखाली माझ्या हातानं दांडा धरतात तशी मूठ आवळली.

दलालाचं रडं जागच्या जागी थांबलं. आबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

म्हैस आमच्याबरोबर टेम्पोतून घरी आली. आईनं दारातून विचारलं, "ही कोण?" आबा म्हणाले, "तुज्या लेकीनं इमान शिकताना घेतली." म्हैस आटलेली होती, मारकी होती आणि आबांनी ती जन्मात कुणाला सुचवली नसती.

फेरपरीक्षेच्या दिवशी तेच परीक्षक होते. पाण्याची बाटली त्यांनी या वेळी मागे ठेवली होती. झापड लावली, डोळे मिटले, विमान कुठे कुठे फिरलं. "घ्या."

डोळे उघडले आणि कंबरेनं बाजार मांडला. सरळ आहेस, शप्पथ सरळ आहेस, काही करू नकोस! काटे म्हणत होते नाक खाली, उजवीकडे झुकलेलं, वेग वाढतोय. कंबर रडायला लागली.

"त्वांड काय बी म्हनंल!" मी मोठ्यानं म्हणाले.

"काय?" परीक्षक दचकले.

मी दांडा मागे ओढला, पंख सरळ केले, नाक हळूच वर घेतलं. काटे जागेवर आले. कंबर अजून बोंबलत होती, पण तिच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. उतरतानाही वाट दाखवणारे दोन काटे मधोमध धरून विमान धावपट्टीच्या तोंडाशी आणलं. खाली उतरल्यावर त्यांनी सही केली आणि विचारलं, "दहा दिवसांत कुणाकडे शिकलात?" मी म्हटलं, घोडेगावला. त्यांनी मान हलवली, जणू तिथे मोठी अकादमी असावी.

संध्याकाळी घरी पोचले. आबा गोठ्यात होते. मी म्हटलं, "आबा, झाली सही."

"झाली का? बरं," ते म्हणाले आणि म्हशीकडे वळले. "ही बया बग. वैरन खाती गाडीभर, आन् दुधाच्या नावानं शिमगा. तुज्यापायी हे ध्यान गळ्यात पडलं."

बोलता बोलता त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझा हात हातात घेतला आणि वरून टाकलं. मला वाटलं, म्हैस माझ्याच गळ्यात मारतात की काय.

"लाथा मारती," ते ओरडून म्हणाले. "काल बादली फोडली हिनं!"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. उपरण्याखाली त्यांनी माझ्या हातावर मूठ घट्ट आवळली होती.