बसऱ्याला गेलेल्यांच्या बायका

पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याकडच्या लढाईत ज्यांचे नवरे गेले, किंवा हातपाय गमावून परत आले, अशा बायकांचे फोटो काढण्यात माझ्या कामाची बहुतेक वर्षं गेली. हरसूलच्या बाजारात काढले, येवल्याला मागावर बसलेल्या एका मोमीन बाईचा काढला. तिच्या नवऱ्याचा एक हात गेल्यावर विणकाम तिनेच शिकून घेतलं होतं. लोक विचारतात, हे खूळ डोक्यात आलं कुठून? आलं ते दिंडोरीकडच्या एका बाईमुळे. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि नाशकात वडिलांच्या स्टुडिओत काम करत होते.

स्टुडिओत बायका आल्या की बाबांसमोर अंग चोरून बसत. चेहरे दगडासारखे होत. म्हणून बाबांनी मला कॅमेऱ्यामागे उभं केलं आणि स्वतः आत काचेच्या निगेटिव्ह धुण्याचं आणि छाप काढण्याचं काम ठेवलं.

ती बाई आली ती थंडी उतरणीला लागल्यावर. पस्तिशीच्या आतबाहेरची, उन्हाने रापलेली, कपाळ मोकळं. ओच्यातून तिने कापडाची घडी काढली आणि उलगडून माझ्यापुढे धरली. आत तळहाताएवढा फोटो होता. पलटणीच्या कपड्यातला, नुकती मिसरूड फुटलेला एक तरुण, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा.

"माजा मालक," ती म्हणाली. "बसऱ्याच्या लढाईत गेला. ह्यो फोटो तिथनंच धाडलेला. माजं लगीन होऊन चार महिनं झालं व्हतं तवा. पंधरा वर्सं झाली त्याला."

"मग काय करायचंय बाई?"

"मला ह्याच्या शेजारी बसवा. सासूला दिसंनासं व्हत चाललंय. दोघं एका जागी बघायची हायेत तिला. मोठा काढा."

बाबांना हे जमत असे. जुन्या फोटोचा फोटो घेऊन त्याची एक काच करायची आणि दोन वेगळ्या काचांवरून एकाच कागदावर छाप घ्यायचा. मी तिला खुर्चीवर बसवलं, त्याच्या उंचीशी मेळ बसेल असं अंतर मोजलं आणि फोटो काढला. नवऱ्याचा फोटो आमच्यापाशी ठेवून ती गेली. मी तिचं नाव-गाव वहीत लिहून घेतलं; आठ दिवसांनी येते म्हणाली.

छाप ओला असतानाच मला खोट दिसली. तो फोटोत जेमतेम विशीतला, ती पस्तिशीची. खुर्चीत आई बसलीय आणि मागे मुलगा उभा आहे, असंच दिसत होतं.

बाबांनीही पाहिलं. "हे असं देता येणार नाही," ते म्हणाले. त्यांनी काचेवर बारीक पेन्सिलने तिच्या सुरकुत्या पुसल्या, गाल भरले, आणि काच जरा खरवडून, म्हणजे छापावर तिथे गडद ठिपका येतो, कपाळावर कुंकूही उमटवलं. नवा छाप सुरेख आला. जोडा शोभत होता. पहिला छाप टाकून द्यायला त्यांनी सांगितलं होतं, पण माझा हात धजेना. मी तो पुठ्ठ्याखाली सरकवून ठेवला.

आठ दिवस झाले, पंधरा झाले, बाई आली नाही. तिच्याकडची त्याची एवढी एकच खूण आमच्या कपाटात पडून होती. मला चैन पडेना. शेवटी मी दिंडोरीच्या सर्व्हिस मोटारीत, म्हणजे तेव्हाच्या बसमध्ये, बसले. बाबांनी एवढंच बजावलं, "दिवसाउजेडी परत ये." पिशवीत तो जुना फोटो होता आणि दोन्ही छाप होते. दिंडोरीहून पुढे दीड कोस चालताना मी मनात ठरवत होते, फक्त बाबांचाच दाखवायचा.

ती अंगणात हरभऱ्याचे घाटे झोडपत होती. "पीक काढायला आलं, मग येणं झालं न्हाई," म्हणत तिने घोंगडी अंथरली. जुना फोटो हातात घेतल्यावर आधी तो कपाळाला लावला. सासूबाई भिंतीला टेकून उन्हात बसल्या होत्या. मी बाबांनी सुधारलेला छाप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला, उजेडाकडे वळवला, पुन्हा नाकाशी नेला.

"पोरगा वळखला," त्या म्हणाल्या. "ही बाई कोन? तिकडं दुसरी केली व्हती का काय यानं?"

सुनेने वाकून पाहिलं. 

"चांगली दिसती," ती हळूच म्हणाली. "पर ही मी नाय."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी पिशवीतून दुसरा छाप काढला. सासूबाईंनी तो तसाच नाकाशी नेला.  मला वाटलं, आता रडारड होणार, आणि ती आपल्यामुळे.

"हां. ही माजी सून," त्या म्हणाल्या. मग बोटाने आधी मुलाला, मग सुनेला चाचपून म्हणाल्या, "ह्यो ल्हानाच राह्यला गं. तू लय मोठी झालीस."

"झाले तर," सून म्हणाली. "त्याच्यामागं तुमाला सांबाळायचं व्हतं न्हवं? ल्हान राहून कसं चालंल?"

आणि दोघी हसायला लागल्या. सासूबाईंना तर ठसका लागला. सुनेने पदराने डोळे टिपले, पण हसू थांबलं नव्हतं.  मग मीही हसले.

हसणं ऐकून शेजारणी आल्या. फोटो हातोहात फिरला. त्या गल्लीतूनच पाचसहा जण पलटणीत गेले होते. त्यांच्यातल्या एकीपाशी नवऱ्याचा फोटोही नव्हता. तिने विचारलं, "माजा एकलीचाच काढशील का? अशीच, हाय तशी?"

"काढीन की," मी म्हटलं.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील.  पण "दुसरी केली का काय" हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं आणि खोखो हसले. "यापुढे पेन्सिल लावायच्या आधी ज्याचा फोटो त्याला विचारत जाऊ," ते म्हणाले, आणि मोठा कॅमेरा प्रवासात फुटू नये म्हणून पेटीला आतून गोधडीचं अस्तर लावायला बसले.

पुढच्या आठवड्यात मी ती पेटी मांडीवर घेऊन पुन्हा मोटारीत बसले. गावात पोहोचले तेव्हा सात बायका धुतलेली लुगडी नेसून पारावर बसल्या होत्या, आणि त्यांच्यातल्या एकीने शाळेतून मास्तरांची खुर्ची मागून आणून मधोमध ठेवली होती.